क्लासिक कन्व्हर्टिबल स्पोर्ट्स कार विकणे आहे! पैसे देण्याआधी काय तपासाल?

मोबाईलवर बोट फिरवता फिरवता एक फोटो समोर येतो. लाल रंगाची, दोन दारांची, बुटकी गाडी. क्रोम चकचकीत, तारांची चाकं, मागे दुमडलेला कापडी टप. खाली लिहिलेलं असतं, ‘वेल मेंटेन्ड क्लासिक कन्व्हर्टिबल. खऱ्या शौकिनांनीच फोन करावा.’ किंमत पाहिली तर नव्या मोठ्या गाडीएवढी, कधी त्याहून कमी. आणि मग डोक्यात किडा वळवळायला लागतो.

मंडळी, या किड्यात वाईट काहीच नाही. पण अशी गाडी मुंबई, पुणे किंवा गोव्यात उभी असते आणि घेणारा बसलेला असतो बार्शीटाकळीत. त्याच्यासाठी आरटीओ अकोल्याचं, पासिंग एमएच ३०. गाडी पाहायला जायचं तरी शेकडो किलोमीटरचा प्रवास. म्हणून फोटोवर भाळण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जुनी गाडी घेताना तुम्ही दोन वस्तू घेता, एक गाडी आणि दुसरे तिचे कागद. बिघडलेली गाडी पैसे ओतून दुरुस्त होते. बिघडलेले कागद पैसे ओतूनही दुरुस्त होतील याची खात्री नसते.

आपल्याकडे अशा गाड्या आल्या कुठून?

उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कार हा मुळात परदेशी शौक. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या एमजी कंपनीची टीसी (१९४५ ते १९४९), नंतर एमजीए (१९५५ ते १९६२) आणि एमजीबी (१९६२ ते १९८०) या गाड्या जगभर खपल्या. जॅग्वारची एक्सके १२० ही १९४८ ची. भारतात अशा गाड्या संस्थानिक, व्यापारी, लष्करी अधिकारी आणि चहामळेवाल्यांबरोबर आल्या.

मग दार बंद झालं. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत गाड्यांची जुळणी करत होती. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्या कंपन्यांनी इथे सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम द्यावा, नाहीतर काम आवरावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या. उरल्या हिंदुस्थान मोटर्स, मद्रासची स्टँडर्ड आणि वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभी केलेली, कुर्ल्याला कारखाना असलेली प्रीमियर. नुसती घरची गाडी मिळायलाच जिथे वर्षानुवर्षं थांबावं लागे, तिथे दोन माणसांची स्पोर्ट्स कार कोण बनवणार? म्हणून जुन्या गाड्याच हातोहाती फिरत राहिल्या.

खरीखुरी आपली म्हणावी अशी उघड्या टपाची गाडी आली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी. तिचं नाव सॅन स्टॉर्म. ही गाडी गोव्यात बनायची. अंग फायबरग्लासचं, इंजिन फ्रान्सच्या रेनॉ कंपनीचं, १.२ लिटरचं, ताकद साधारण ६० अश्वशक्ती. आकडा छोटा वाटतो, पण अंग हलकं असल्याने गाडी चुणचुणीत होती. फार थोड्या गाड्या बनल्या आणि कारखाना थांबला. आजही एखादी सॅन स्टॉर्म विक्रीला येते तेव्हा शौकिनांचे कान टवकारतात.

व्हिंटेज, क्लासिक की नुसतीच जुनी?

जाहिरातीत हे शब्द कसेही वापरले जातात. ‘क्लासिक’ हा शौकिनांचा शब्द आहे, मोटार वाहन नियमांत त्याला वेगळं स्थान नाही. ‘व्हिंटेज’ला मात्र आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. त्यानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरबदल केलेला नसावा, ही अट आहे.

अशा गाडीच्या नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती १० वर्षं चालते. पुढच्या वेळी ५,००० रुपये. नव्या नोंदणीच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. विक्री झाली तर घेणारा आणि विकणारा दोघांनीही ९० दिवसांत आपापल्या राज्याच्या परिवहन खात्याला कळवायचं असतं.

पन्नाशी न गाठलेली गाडी मात्र सरकारी भाषेत नुसती जुनी गाडी. म्हणजे सॅन स्टॉर्म कितीही दुर्मीळ असली तरी नियमाच्या नजरेत ती आणि त्याच वर्षीची मारुती ८०० सारखीच. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर गाडीची तपासणी करून घ्यायची आणि दर ५ वर्षांनी नूतनीकरण करायचं. पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी भंगारातच द्यावी लागते, असा समज गावोगावी आहे. दिल्ली परिसरात वयावरून निर्बंध आले, त्यातून तो पसरला. महाराष्ट्रात अशी सरसकट बंदी नाही. तपासणीत गाडी बसली आणि शुल्क व पर्यावरण कर भरला, तर ती रस्त्यावर राहते.

शुल्क मात्र आता किरकोळ राहिलेलं नाही. ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांवरच्या साध्या कारच्या नूतनीकरणाला १०,००० रुपये आणि आयात केलेल्या चारचाकीला ८०,००० रुपये पडतात. म्हणजे ४५ वर्षांची एमजीबी घेतली तर दर पाच वर्षांनी ८०,००० बाजूला ठेवायचे. ती पन्नाशी ओलांडून व्हिंटेजमध्ये नोंदली, तर दहा वर्षांचे २०,०००. सौदा करताना गाडीच्या वयातला हा फरक विचारात घ्या.

आधी कागद

गाडी पाहायला निघण्यापूर्वीच विकणाऱ्याकडून नोंदणी पुस्तकाच्या सगळ्या पानांचे फोटो मागवा. ‘या, बसून बोलू’ असं उत्तर आलं, तर तिकीट काढू नका. फोटो आले की पुढच्या गोष्टी पाहा.

१. गाडी ऑनलाइन दिसते का? परिवहन खात्याच्या एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून बघा. गाडीचा प्रकार, नोंदणीची मुदत, विमा, कर्जाचा बोजा, बंदी असेल तर ती, सगळं कळतं. खूप जुन्या गाड्यांची नोंद संगणक येण्याआधीच्या रजिस्टरात अडकलेली असते. ती ऑनलाइन चढवण्याच्या कामाला ‘बॅकलॉग एंट्री’ म्हणतात. हे काम मूळ आरटीओतच होतं आणि ते विकणाऱ्यानेच करून द्यायला हवं. ‘नंतर होऊन जाईल’ यावर पैसे देऊ नका.

२. मालक कोण? जुनी गाडी पुष्कळदा आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असते आणि ते हयात नसतात. अशा वेळी विकणाऱ्याने आधी मृत्यूचा दाखला व वारसांची संमती देऊन फॉर्म ३१ ने गाडी स्वतःच्या नावावर करायची आणि मग तुम्हाला विकायची. बाकीचे भाऊबहीण नंतर उभे राहिले तर गाडी तुमच्या अंगणात असेल, पण तुमची नसेल.

३. चेसिस आणि इंजिन नंबर जुळतात का? पुस्तकातला आकडा आणि लोखंडावर ठोकलेला आकडा अक्षर न् अक्षर ताडून पाहा. परदेशी गाडीचे सुटे भाग मिळेनात, म्हणून आपल्याकडे कित्येक गाड्यांत फियाट किंवा अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन बसवलं गेलं. तो त्या काळचा जुगाड होता, पण इंजिनबदल पुस्तकात नोंदलेला नसेल तर गाडी नावावर होताना अडेल. शिवाय व्हिंटेजचा मार्गही अवघड होईल.

४. परदेशी गाडी कायदेशीर आली का? आयात केलेल्या गाडीला सीमाशुल्क भरल्याचा ‘बिल ऑफ एन्ट्री’ हा कागद असतो. पाहुण्यासारखी ठरावीक मुदतीसाठी आणलेली आणि मग परत न गेलेली गाडी स्वस्तात गळ्यात मारली जाऊ शकते. अशा गाडीमागे सीमाशुल्क खातं लागू शकतं.

५. परराज्यातली आहे का? गोव्याची गाडी अकोल्यात नोंदवायची तर तिथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागतं. महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो आणि नंबरही बदलतो. अकोल्याच्या कार्यालयात जाऊन त्या गाडीच्या वयाला किती कर बसेल, हे सौद्याआधीच विचारून घ्या. एक चक्कर वाचवण्यासाठी हे टाळू नका.

मग गाडी

कागद स्वच्छ निघाले, तर आता गाडी पाहा. सोबत इंजिन उघडणारा अनुभवी मिस्त्री न्या. कार्बोरेटरची गाडी हाताळलेला असेल तर उत्तम.

उघड्या टपाच्या गाडीत पहिली नजर पत्र्यावर जायला हवी. बंद गाडीत छतही भार उचलतं. छत काढलं की सगळा भार खालच्या सांगाड्यावर आणि दारांखालच्या पट्ट्यांवर येतो. त्याच जागा पावसाच्या पाण्याने आधी गंजतात. दार नीट उघडतं-मिटतं का, दाराभोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, हे बघा. जॅक लावून चाक उचललं आणि दार अडायला लागलं, तर सांगाडा मऊ झाला आहे. खालचे गालिचे उचला, हाताने चाचपा. पत्र्यावर छोटं चुंबक कापडातून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली आहे.

सॅन स्टॉर्मसारख्या फायबरग्लासच्या गाडीला चुंबक लागणारच नाही आणि अंगाला गंजही चढणार नाही. तिथे बिजागऱ्या आणि नटबोल्टांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा शोधा. आतला लोखंडी सांगाडा मात्र गंजू शकतो, तो खालून बघावाच लागतो.

कापडी टप स्वतः चढवून आणि उतरवून पाहा. विकणारा ‘टप नेहमी खालीच ठेवतो’ म्हणाला, तर तो चढत नसेल अशी शंका घ्या.

इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. तुम्ही पोहोचायच्या आधीच गरम करून ठेवलेलं असेल, तर थांबा आणि गार होऊ द्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला किंवा ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा थर दिसला, तर रेडिएटरचं पाणी आत जातंय. तारांच्या चाकांवर नखाने टिचकी मारा. ताठ तार टणकारते, सैल तार बद्द वाजते.

जुन्या ब्रिटिश गाडीत एक खोच असते. कित्येकांत बॅटरीचं धन टोक अंगाला जोडलेलं असतं, आजच्या गाड्यांच्या नेमकं उलट. गावातल्या इलेक्ट्रिशियनला हे आधी सांगितलं नाही, तर पहिल्याच दिवशी डायनॅमो किंवा नवा बसवलेला रेडिओ जळू शकतो.

सुट्या भागांचं काय? इथे ब्रिटिश गाड्या सोप्या पडतात, कारण एमजीचे भाग आजही नव्याने बनतात आणि मागवता येतात. ट्रायम्फ स्पिटफायर तर मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेरल्डच्याच घराण्यातली. १९६२ ची स्पिटफायर हेरल्डच्या सांगाड्यावरून घडवली होती. म्हणून हेरल्डवर हात बसलेला म्हातारा मिस्त्री सापडला, तर त्याला ही गाडी अनोळखी वाटणार नाही.

वऱ्हाडचं ऊन आणि आजचं पेट्रोल

मुंबई-गोव्याची गाडी वऱ्हाडात आली की दोन गोष्टी बदलतात. एक, दमट हवा गेल्याने गंजाचा वेग कमी होतो. हा फायदा. दुसरी, अकोल्याचा मे महिना. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की कापडी टप, रबरी पट्ट्या आणि चामडी सीट तडकतात. थंड देशासाठी बनवलेला रेडिएटर कमी पडतो. कार्बोरेटरच्या आसपास पेट्रोलची वाफ होते आणि गाडी रस्त्यात बंद पडते. म्हणून रेडिएटर साफ करून घेणं, पाण्याचे पाइप नवे टाकणं आणि गाडी पक्क्या सावलीत ठेवणं हा खर्च किमतीतच धरा.

शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीतले रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि सील या मिश्रणासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, चिरतात, गळू लागतात. इथेनॉल हवेतली ओलही ओढून घेतं, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. इथेनॉल सोसणारे पाइप आणि सील टाकून घ्या. गाडी दोन आठवड्यांतून एकदा तरी फिरवा. इंजिनजवळचा गळका पाइप म्हणजे आगीला निमंत्रण, म्हणून छोटं अग्निशामक गाडीतच ठेवा.

‘वरातीला भाड्याने देऊ, पैसे वसूल!’

हा विचार बहुतेकांच्या मनात येतोच. लग्नसराईत उघड्या गाडीतून नवरदेव काढायचा, दोन हंगामांत किंमत भरून निघेल. राजेहो, इथेच गफलत होते. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी धंद्यासाठी वापरता येत नाही. ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरण्यासाठीच रस्त्यावर आणता येते. पांढऱ्या पाटीची साधी खासगी गाडीही परवान्याशिवाय भाड्याने देता येत नाही. वरातीत अपघात झाला, तर विमा कंपनी हेच कारण पुढे करून हात वर करू शकते. मग भरपाई तुमच्या खिशातून, म्हणजे शेवटी वावरातून.

जाहिरातच खोटी असेल तर?

‘मी लष्करात आहे, बदली झाली, गाडी कॅन्टीनमध्ये उभी आहे, वाहतुकीचे पैसे पाठवा, गाडी घरपोच येईल.’ ही फसवणुकीची घासून घासून गुळगुळीत झालेली रीत आहे, तरी माणसं फसतात. कारण किंमत कमी असते आणि ओळखपत्राचा फोटोही पाठवला जातो. साधे नियम ठेवा. गाडीला हात लावल्याशिवाय टोकन नाही. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, तो पैसे देण्यासाठीच असतो. फोटो गुगलवर उलटा शोधून पाहा, तीच गाडी परदेशातल्या जाहिरातीत सापडू शकते. फसलात तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

सौदा पक्का करताना

पैसे बँकेतूनच द्या आणि करारावर तारखेबरोबर वेळही लिहा. फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर दोघांच्या सह्या समोरासमोर होऊ द्या. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, असा कायदा आहे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. इतक्या जुन्या गाडीची विम्यातली किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, त्यामुळे फोटो आणि दुरुस्तीची बिलं जपून ठेवा. नुसता थर्ड पार्टी विमा घेतला, तर गाडी जळाल्यावर हाती काही येत नाही.

हा भाग विकणाऱ्यांनीही वाचावा. गाडी चार हातांतून फिरली, पण कागदावर पहिल्याच मालकाचं नाव राहिलं आणि अपघात झाला, अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नोंदणीवर नाव असलेल्या मालकालाच भरपाईसाठी जबाबदार धरलं. ‘गाडी विकली, विषय संपला’ असं नसतं. नाव बदलेपर्यंत विषय तुमचाच असतो.

शेवटचं. अनोळखी जुनी गाडी पहिल्याच दिवशी चालवत घरी आणू नका, ट्रकवर चढवून आणा. आणि मग कागद, पाइप, ब्रेक सगळं मार्गी लागलं की डिसेंबरच्या एखाद्या सकाळी टप उतरवा आणि तुरी भरलेल्या वावरांमधून अकोल्याच्या रस्त्याला लागा. वाटेत कोणी थांबवून ‘कितीला घेतली?’ विचारेल. त्याला किंमत सांगा आणि जोडीला हेही सांगा, की आधी पुस्तक पाहिलं, मग गाडी.